गिऱ्हाइकाचं मत वाचायचं कसं? इंग्लंडचा पब, बॅलार्ड इस्टेटचा इराणी आणि गोवंडीतली राईस प्लेट



मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "मी घरगुती जेवणाचं छोटं दुकान सुरू केलंय. परवा कोणीतरी तीन स्टार देऊन लिहिलं, 'जेवण छान, पण जागा लहान आणि मेनू कमी.' रात्रभर झोप लागली नाही. आता मेनू वाढवू का?"

ताई, आधी झोपा. मग हा धडा वाचा. कारण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर देऊन मी माझं दुकान जवळजवळ बुडवलं होतं. ती गोष्ट सांगतेच, पण त्याआधी तुम्हाला जरा लांब घेऊन जाते, इंग्लंडमधल्या पबमध्ये.

दचकू नका! पब म्हटलं की आपल्याला अंधार, रंगीत दिवे आणि कानठळ्या बसवणारं संगीत आठवतं. इंग्लंडच्या खेड्यातला जुना पब तसा नसतो. मूळ शब्द 'पब्लिक हाउस', म्हणजे सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. गावचा कट्टा, खानावळ आणि दारूचा गुत्ता हे तिन्ही एकाच छपराखाली आहेत अशी कल्पना करा. बुटकं छत, लाकडी तुळया, पेटलेली शेकोटी, रविवारी दुपारी भाजलेलं मटण किंवा बीफ, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग आणि वरून ग्रेव्ही. आपण दारू बाजूला ठेवू, जेवण आणि गिऱ्हाईक एवढंच बघू. हे उदाहरण घेण्याचं कारण असं की आपल्याला काय आवडतं आणि काय खटकतं, हे तिथल्या गिऱ्हाइकांनी फार स्पष्ट सांगून ठेवलंय. आपल्याला त्यातून आयतं शिकता येतं.

पहिली शिकवण : यादीत पहिला नंबर चवीचा नाही

'ॲनिमल फार्म' लिहिणारा जॉर्ज ऑर्वेल तुम्हाला ऐकून माहीत असेल. त्याचा जन्म आपल्याकडचाच, १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड' वर्तमानपत्रात त्याने आपल्या आवडत्या पबवर एक लेख लिहिला. पबचं नाव 'द मून अंडर वॉटर'. आजच्या भाषेत बोलायचं तर हा एका गिऱ्हाइकाचा रिव्ह्यूच.

त्याने काय काय सांगितलं बघा. हा पब आवडण्याचं पहिलं कारण बिअर नाही, तिथलं वातावरण आहे. बस स्टॉपपासून दोन मिनिटांवर, पण गल्लीत, त्यामुळे गोंधळ घालणारे तिथे पोचत नाहीत. बरेचसे लोक रोजचे, आणि रोज त्याच खुर्चीत बसणारे. रेडिओ नाही, पियानो नाही, त्यामुळे बोलता येतं. काउंटरवरच्या बायका बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. पोस्टाची तिकिटं मिळतात, डोकेदुखीची गोळी मिळते, फोन करू देतात. जेवण? तेही आहे. वरच्या मजल्यावर दुपारी साधं, पोटभर, साधारण तीन शिलिंगात. मागे बाग आहे, म्हणून घरातले सगळेच येऊ शकतात, बाई एकटी घरी मुलं सांभाळत बसत नाही.

आणि शेवटी तो सांगतो की असा पब अस्तित्वातच नाही! त्याला हव्या असलेल्या दहा गोष्टींपैकी आठ असलेला एक पब त्याला माहीत होता, दहाच्या दहा असलेला एकही नाही.

यातून दोन गोष्टी वहीत लिहून घ्या.

एक, गिऱ्हाईक जेवायला येतं हे खरं, पण परत येतं ते बऱ्याचदा वेगळ्याच कारणाने. आपल्याला कोणी ओळखतं का, निवांत बसता येतं का, अडीनडीला उपयोग होतो का, हे त्याच्या मनात असतं. ते तो तोंडाने क्वचितच सांगतो.

दोन, दहापैकी दहा कोणालाच मिळत नाहीत. आठ मिळाले तर माणूस प्रेमाने लेख लिहितो. म्हणून एका तीन स्टारने झोप उडवून घेऊ नका.

दुसरी शिकवण : मुंबईतही हेच आहे

"ताई, ते इंग्लंड झालं. इथे गिऱ्हाईक फक्त भाव विचारतं," असं काही जण म्हणतील. मग बॅलार्ड इस्टेटला चला. 'ब्रिटानिया अँड कंपनी' हे इराणी हॉटेल १९२३ पासून तिथे आहे. बेरी पुलावासाठी प्रसिद्ध. जुनी जागा, लाकडी खुर्च्या, भिंतींवर काळाची खूण. वर्षानुवर्षं भर दुपारच्या जेवणावर. धंद्याच्या पुस्तकात हे सगळे दोष म्हणून लिहिले जातील.

पण तिथे जेवून आलेल्या माणसाला विचारा, पुलावाइतकीच आठवण निघते बोमन कोहिनूर यांची. २०१९ साली, ९७ वर्षांचे असताना ते गेले. नव्वदी ओलांडल्यावरही ते टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, कुठून आलात विचारायचे, इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र कौतुकाने दाखवायचे. एप्रिल २०१६ मध्ये राणीचा नातू प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा कोहिनूर यांची त्यांच्याशी भेटही झाली.

गंमत बघा. २०१० साली लंडनमध्ये 'दिशूम' नावाचं हॉटेल सुरू झालं, तेही मुंबईच्या इराणी हॉटेलांवरून कल्पना घेऊन. जिथे पबची परंपरा आहे, त्या शहरात लोक आपल्या इराण्याच्या वातावरणासाठी रांग लावतात. म्हणजे ज्याला आपण "जुनाट" म्हणून लाजतो, तेच कधीकधी आपलं भांडवल असतं.

आता माझी चूक

मी गोवंडी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर राईस प्लेटचं दुकान चालवते. चार टेबलं, भिंतीला लागून एक लांब बाक, कोपऱ्यात माठ. दोन मावश्या पोळ्या करायच्या. गिऱ्हाईक म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटची मुलं, शताब्दी हॉस्पिटलमध्ये पेशंटबरोबर आलेले नातेवाईक, रिक्षावाले, आसपासच्या दुकानांतले कामगार. दिवसाला सरासरी ११० राईस प्लेट जायच्या. भाव ९० रुपये.

मग फोनवर मतं यायला लागली. "जागा जुनाट." "एसी नाही." "मेनू कमी." "अनोळखी माणसाशेजारी बाकावर बसावं लागतं." मी बीबीए केलेलं, मार्केटिंगमध्ये चांगले मार्क! गिऱ्हाईक सांगतंय तसं बदलायचं, असं पुस्तकात शिकलेले. कर्ज काढलं. बाक काढला, माठ काढला, एसी लावला, मेनूत चायनीजसकट चाळीस पदार्थ घातले. नव्या वेटरला सांगितलं, जेवण झालं की लगेच बिल ठेव, टेबल रिकामं झालं पाहिजे.

पहिला महिना झकास गेला. तिसऱ्या महिन्यात हिशोब मांडला तेव्हा हात थरथरले. तो हिशोब जसाच्या तसा देते, कारण यातून शिकण्यासारखं आहे.

आधी : एका प्लेटमागे कच्चा माल वजा जाता ४० रुपये सुटायचे. ११० गुणिले ४० म्हणजे ४,४०० रुपये. भाडं, पगार, लाइट, गॅस असा रोजचा खर्च ३,२००. हातात १,२०० रुपये.

नंतर : नवे पदार्थ धरूनसुद्धा विक्री ७० प्लेटांच्या बरोबरीला आली. ७० गुणिले ४० म्हणजे २,८००. कर्जाचा हप्ता आणि एसीचं लाइट बिल धरून रोजचा खर्च ३,९००. म्हणजे दुकान उघडलं की रोज १,१०० रुपये खिशातून!

फोनवरचे स्टार मात्र वाढले होते. म्हणून तर कळत नव्हतं की चुकलं कुठे.

ते कळलं एका काकांमुळे. रिटायर झालेले, एकटे राहणारे. रोज साडेबाराला बाकाच्या टोकाला बसून जेवायचे, पेपर वाचायचे, माठातलं पाणी प्यायचे आणि जायचे. एक दिवस स्टेशनच्या पुलावर भेटले. म्हटलं, "काका, दिसत नाही हल्ली. जेवणात काही कमी-जास्त झालं का?" ते म्हणाले, "नाही गं, जेवण चांगलंच आहे. पण आता तुझ्याकडे बसावंसं वाटत नाही. घास संपायच्या आत बिल येतं."

हे वाक्य कोणत्याही ॲपवर आलं नव्हतं, येणारही नव्हतं. काकांकडे तसला फोनच नाही.

नंतर मी जुन्या गिऱ्हाइकांना शोधून शोधून विचारलं. रिक्षावाले म्हणाले, एसीमुळे घामाच्या कपड्यांत आत यायला संकोच वाटतो. हॉस्पिटलमधली एक बाई म्हणाली, बाकावर शेजारची माणसं बोलायची, त्या दोन शब्दांनी बरं वाटायचं. ज्या बाकाला मी दोष समजून काढलं, त्या बाकासाठी लोक येत होते.

बाक परत आला, माठ परत आला, मेनू सहा पदार्थांवर आणला. पूर्वीच्या विक्रीवर यायला आठ महिने लागले. पण मधल्या काळात पगार झेपेना म्हणून एका मावशींना मी घरी पाठवलं होतं. धंदा सावरल्यावर बोलवायला गेले, तर त्या गावी निघून गेल्या होत्या. कर्ज फिटलं, ते मात्र फिटलेलं नाही. म्हणून हा धडा मी जरा कळकळीने लिहितेय.

मग गिऱ्हाइकाचं ऐकायचंच नाही का?

असं नाही! न ऐकणाऱ्याचं काय होतं, तेही इंग्लंडमध्येच बघा. तिथल्या मोठ्या बिअर कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पारंपरिक पिंपातली बिअर बाजूला सारून कारखान्यात तयार झालेली, टिकाऊ बिअर पबमध्ये पुढे केली. कंपनीला सोपं, पण पिणाऱ्याला पसंत नाही. १९७१ साली चार मित्रांनी मिळून याविरुद्ध 'कॅमरा' नावाची चळवळ सुरू केली. साधी गिऱ्हाइकंच होती ती. पुढे हजारो लोक सामील झाले, चांगल्या पबची मार्गदर्शिका निघायला लागली आणि जुन्या पद्धतीची बिअर टिकून राहिली.

आणि योग्य बदलाचं उदाहरणही तिथलंच. पबमधलं जेवण यथातथा असतं, ही जुनी तक्रार. १९९१ साली लंडनच्या 'द ईगल' या पबने नेमकं तेवढंच बदललं. पबचा साधेपणा ठेवला आणि स्वयंपाक उत्तम केला. त्यातून 'गॅस्ट्रोपब' हा नवा प्रकारच जन्माला आला.

म्हणजे प्रश्न "ऐकायचं की नाही" हा नाहीच. कोणाचं, कशाबद्दल आणि किती ऐकायचं, हा आहे.

मतांचे चार डबे

आपल्या मिसळणाच्या डब्यात हळद आणि तिखट वेगळ्या वाटीत असतात ना? तसंच मतांचं करायचं.

पहिला डबा : आरोग्य आणि स्वच्छता. केस निघाला, भाजी आंबली होती, पोट बिघडलं, बेसिन घाण. इथे मोजत बसायचं नाही. एकाने सांगितलं तरी त्याच दिवशी दुरुस्त करायचं.

दुसरा डबा : दिलेला शब्द. भाव, वेळ, प्रमाण. बोर्डावर ९० लिहून बिलात ९५ लावले, "दहा मिनिटांत देतो" म्हणून अर्धा तास लावला. हेही लगेच सुधारायचं. आणि बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज जोडू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच ते मना केलंय.

तिसरा डबा : चव आणि आवड. तिखट जास्त, मीठ कमी, मेनू छोटा. इथे थांबायचं. वेगवेगळ्या तीन रोजच्या गिऱ्हाइकांनी तेच सांगितलं, तर एक आठवडा करून बघायचं. एकट्यादुकट्याच्या मतावर मसाला बदलायचा नाही.

चौथा डबा : दुकानाचा स्वभाव. माझा बाक, ब्रिटानियाच्या खुर्च्या, ऑर्वेलच्या पबमधली शांतता. इथे हात लावण्याआधी रोजच्या दहा लोकांना विचारायचं.

चला, सराव करू. समजा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पबबद्दल कोणी असं लिहिलं :

"रोस्ट गरम होतं, ग्रेव्ही कमी पडली. पाऊण तास थांबलो, उशीर होईल हे कोणी सांगितलं नाही. टॉयलेट अस्वच्छ. मालकाने आपुलकीने चौकशी केली. छत इतकं बुटकं की डोकं आपटलं. शेजारच्या टेबलाखाली कुत्रा झोपला होता."

आता वाटा. टॉयलेट पहिल्या डब्यात, आजच्या आज. पाऊण तास दुसऱ्यात. इथे नीट बघा, तक्रार उशिराची कमी आणि न सांगितल्याची जास्त आहे. "आज गर्दी आहे, वेळ लागेल" या एका वाक्याने ती मिटली असती. ग्रेव्ही तिसऱ्या डब्यात. छत आणि कुत्रा चौथ्यात. छत उंच केलं तर तो पब राहणारच नाही! हां, दारात "डोकं सांभाळा" अशी पाटी लावा.

कोणाच्या मताला किती वजन?

सोपा हिशोब. आठवड्याला पाच दिवस जेवणारं गिऱ्हाईक महिन्याला साधारण २० प्लेट खातं, वर्षाला २४०. गुणिले ४० म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये. एकदाच येऊन जाणाऱ्याकडून सुटतात ४० रुपये. मी त्या एकदाच येणाऱ्यांसाठी २४० वाल्यांना घालवलं होतं.

नवख्याला कमी लेखायचं नाही, उद्याचा रोजचा तोच असतो. पण आरोग्य आणि शब्द सोडून बाकी बाबतीत वजन रोजच्यालाच.

न लिहिलेलं मत कसं वाचायचं?

"जेवण कसं होतं?" असं विचारलंत तर आपला माणूस "छान" म्हणणार. तोंडावर वाईट कोण बोलतं? त्यापेक्षा हे करा.

परत आलेलं ताट बघा. मी धुवायच्या जागेपाशी पाच मिनिटं उभी राहते. एकाच भाजीचं उष्टं दहा ताटांत दिसलं, तर तो दहा जणांचा रिव्ह्यू असतो.

प्रश्न बदला. "उद्या एक गोष्ट बदलायची झाली तर काय बदलू?" यावर लोक खरं बोलतात.

न आलेल्यांची वही ठेवा. रोजचं कोणी आठवडाभर दिसलं नाही, तर नावापुढे खूण. भेटलं की आपुलकीने विचारायचं, वसुलीला आल्यासारखं नाही.

वाईट मताला उत्तर कसं द्यायचं?

तीन वाक्यं पुरे. झालेला त्रास मान्य करा, काय केलं ते सांगा, परत बोलवा. उदाहरणार्थ : "तुम्हाला अर्धा तास थांबावं लागलं, माफ करा. दुपारी एक ते दोन आता पोळीला एक माणूस वाढवला आहे. पुन्हा या, मला भेटा." वाद नको, टोमणा नको. ते उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा पुढची शंभर माणसं वाचणार असतात.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. पैसे देऊन किंवा भाच्या-पुतण्यांकडून खोटे पाच स्टार लिहून घेऊ नका. ऑनलाइन मतांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकच आणलंय. पण त्याहून मोठं कारण सांगू? खोट्या मतांनी आपण स्वतःलाच फसवतो. माझे खरे स्टार वाढले तरी मी फसले होते, मग खोट्यांचं काय!

या आठवड्याचा गृहपाठ

१. आलेली शेवटची वीस मतं वहीत उतरवा. तोंडी आलेलीसुद्धा.
२. प्रत्येकापुढे डब्याचा नंबर आणि "रोजचं" की "नवखं" ते लिहा.
३. पहिल्या दोन डब्यांतलं रविवारपर्यंत संपवा.
४. दिसेनाशा झालेल्या तीन रोजच्या गिऱ्हाइकांना गाठा आणि विचारा.
५. तुमच्या दुकानाचा "बाक" कोणता, ते एका ओळीत लिहा.

पाचवं सुचलं नाही तर गिऱ्हाइकाला विचारा. तुमच्याआधी त्याला माहीत असतं.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठी : "मेनू कमी" हा तिसरा डबा, "जागा लहान" बहुतेक चौथा. मेनू लगेच वाढवू नका. आधी वही काढा. आणि त्या माणसाने सुरुवातीला "जेवण छान" असं लिहिलंय, ते तुम्ही वाचलंच नाही का?

काका आता परत येतात, साडेबाराला, बाकाच्या टोकाला. बिल ते स्वतः मागतात तेव्हाच देते.

वहीचं पान भरलं की कॉमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या भागात बघू, भाव वाढवायची वेळ आली तर रोजच्या गिऱ्हाइकाला सांगायचं कसं. भेटू!